राजसबाईंची नात

दोन हजार सहा साली गिरिधरला मुलगी झाली आणि अण्णा नगरच्या घरात त्याच्या आईचे, राजसबाईंचे, पाय जमिनीला लागेनात. तंजावरच्या या मराठी घराण्यात पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव ठेवायची रीत. नवरा गेल्यापासून तिला राजस म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. जो तो अम्माच म्हणे. आता ते नाव पुन्हा घरात ऐकू येईल, या आशेवर म्हातारी होती.

गिरिधरला मात्र ते नाव नको होतं. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामगारांवर डाफरणारा हा गृहस्थ पुण्याच्या सासरच्यांपुढे मांजर व्हायचा. लग्नात अम्माची जुनी मराठी ऐकून त्यांच्यातली दोन पोरं तोंडाला रुमाल लावून हसली होती, ते त्याच्या मनातून जाईना. आता ‘राजसबाई’ ऐकून बारशात हशा पिकणार, हे त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं. अम्माला सांगितलं, की नुंगंबाक्कमचा न्यूमरॉलॉजिस्ट म्हणतो, ते नाव पोरीला लाभणार नाही, सहानाच ठेवा. बायकोला, सावनीला, सांगितलं की नावाबद्दल अम्माची काहीच इच्छा नाही. न्यूमरॉलॉजिस्टचं दारसुद्धा त्याने पाहिलं नव्हतं. अम्मा लेकराला लाभेल तेच ठेव म्हणाली आणि दुपटी शिवायला बसली. थाप पचली म्हणून या शहाण्याला हायसं वाटलं.

बारशाला पुण्याची मंडळी आली. गिरिधरच्या बहिणीने, अंबुजाने, बाळाच्या कानात ‘सहाना’ म्हटलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मग पानं मांडली. अम्मा वाढत होती. जेवता जेवता सावनीच्या आईने तिला विचारलं,

“विहीणबाई, तुमच्यात आजीचं नाव ठेवतात ना? आम्ही राजस धरूनच आलो होतो. किती गोड नाव. मग का बदललंत?”

सावनीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला. आता अम्मा न्यूमरॉलॉजिस्टचं सांगणार, सावनी विचारणार कोण न्यूमरॉलॉजिस्ट, आणि भर पंगतीत आपलं पितळ उघडं पडणार.

“मींच नको म्हटलें,” अम्मा म्हणाली. “जुनें नांव. लेकराला ओझें कशास म्हून.”

न्यूमरॉलॉजिस्टचं तिने नावही काढलं नाही. आपली थाप तिने त्याच दिवशी ओळखली होती, हे गिरिधरला तेव्हा कळलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या बोलण्याला पंगतीत कुणी हसलंही नव्हतं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण तो मान खाली घालून नुसता भात कालवत राहिला.

अम्मा सांबार घेऊन त्याच्या पानापाशी आली.

“पोटभर खा रे,” ती म्हणाली आणि वाढत राहिली. पुरे म्हणायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं.