येतंय ना ऐकू?

गेल्या रविवारी आमच्या क्लबने कानाची यंत्रं वाटली. पहिलं एका आजोबांच्या कानात मीच बसवलं. अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, "काय आजोबा, येतंय ना ऐकू?" आजोबांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, हसून मान डोलावली. टाळ्या पडल्या. यंत्रात सेल घालायचा राहिलाय, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण रंगलेल्या कार्यक्रमात कोण बोलणार? मीही टाळ्या वाजवल्या.

समोरच्याला काय हवंय, हे बहिऱ्याला लगेच कळतं. आमची सगळी सेवा अशा माना डोलावण्यावरच तर चालते.

आज सेल घेऊन त्या आजोबांच्या घरी गेलो. सून म्हणाली, "यंत्र पेटीत ठेवलंय हो. नाना म्हणतात, यंत्र चांगलंय, माझेच कान पार कामातून गेलेत."