पोस्टमन पडत होता तोवर

मास्तरांचं आणि त्यांच्या उजव्या हाताचं वर्षभरापासून पटत नव्हतं. स्वतःच्या शिंपीकामाच्या दुकानात चाळीस वर्षं कापड बेतलेला हात तो. आता कात्री मध्येच थांबे, बोटं रुसल्यासारखी ढिली पडत आणि सुटाचं कापड खडूच्या रेघेवरून ढळे. मानेतली नस दबली आहे, गेलेली ताकद परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शेजारच्या मशीनवर बसलेली मुलगी सगळं बघायची.

"बाबा, बेतायचं मी बघते ना आता."

"या हातानं अजून ऐंशी किलोचा माणूस आडवा होतो," मास्तर म्हणायचे. "ज्या दिवशी होणार नाही, त्या दिवशी कात्री तुझी."

तो ऐंशी किलोचा माणूस म्हणजे निवृत्त पोस्टमन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मोठ्यांचा आयकिडोचा, म्हणजे जपानी युद्धकलेचा, क्लब भरायचा. एकानं मनगट धरायचं, दुसऱ्यानं वळून त्याला खाली न्यायचं, मग पाळी बदलायची. हारजीत नाही. अकरा वर्षं या दोघांची जोडी होती. आणि पोस्टमननं पडावं तर असं, की सतरंजी उलगडावी. आवाज नाही, धक्का नाही. त्याला पडताना बघून मास्तरांची छाती फुगायची. दुकानात हात नाही म्हणाला तरी इथं हो म्हणत होता.

एका शुक्रवारी पोस्टमन बहिणीकडे गेला होता. क्लबच्या सरांनी मास्तरांना नव्या बाईबरोबर लावलं. ती नर्स, येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. पेशंट उचलून उचलून मनगटं भक्कम झालेली. तिनं हात धरला. मास्तर वळले. ती उभीच.

"मास्तर, कधी पडायचं ते सांगा हं. मला अजून कळत नाही."

आजूबाजूचे हसले. मास्तरही हसले. "माझाच पाय मागे राहिला," म्हणाले.

तीनदा असंच झालं. चौथ्या वेळी ती आपणहून खाली बसली. माणसाला बरं वाटावं म्हणून नर्स जे करते, ते तिनं केलं.

मंगळवारी पट्टा बांधता बांधता मास्तर पोस्टमनला म्हणाले, "आज पडू नकोस. मी पाडलं तरच पड."

"अकरा वर्षांची सवय मोडू म्हणतोस? या वयात बायको चहातली साखरसुद्धा बदलू देत नाही."

मास्तर हसले नाहीत.

मॅटवर पोस्टमननं मनगट धरलं. मास्तरांनी नुसता खांदा हलवला, तोच त्याचा गुडघा वाकला.

"थांब. मी अजून काही केलंच नाही."

पोस्टमन मॅटवर बसून राहिला. "आपोआप होतं रे ते. तू हललास की माझं अंग निघतं."

"पुन्हा धर."

या वेळी पोस्टमननं पाय रोवले आणि नजर समोरच्या भिंतीवर लावली. मास्तर वळले, कंबर फिरवली, मनगट शिकवलं होतं तसं आत घेतलं. काहीच झालं नाही. त्यांची बोटं त्याच्या बाहीवरून घसरली.

"कधीपासून या हातात जोर नाही?" मास्तरांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"आणि तू पडत राहिलास."

"दुकानात तुझे हाल दिसत होते. म्हटलं, इथं तरी..."

"इथं बघूनच तर मी पोरीला अडवून धरलं होतं."

सरांनी टाळी वाजवली, जोड्या बदला म्हणाले. दोघं सवयीनं एकमेकांपुढे वाकले आणि दोन दिशांना गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आलं.

"माप तिला द्या," मास्तर म्हणाले. "बेतेलही तीच."

"का हो, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय!"

मुलीनं वर न बघता टेप गळ्यात घातला. इतके महिने मागितलं ते मिळालं होतं, पण आपण मागितलं ते हेच, असं तिला वाटत नव्हतं.

शुक्रवारी पोस्टमन व्यायामशाळेच्या दारात रस्त्याकडे तोंड करून बराच वेळ मास्तरांची वाट बघत उभा राहिला. ते आले नाहीत. आत नर्स एकटीच जोडीविना थांबली होती. शेवटी तो तिच्यासमोर जाऊन वाकला.

"पडायचं कसं, ते शिकवाल?" तिनं विचारलं.

"शिकवतो," तो म्हणाला, आणि तिचं मनगट धरून, पडायचं विसरल्यासारखा, नुसताच उभा राहिला.