नव्या मॅगझिनवरचा जप

मित्रांनो, आज आमचा पोलिसांचा गोळीबार सराव झाला. गेल्या आठवड्यात पिस्तुलाचं गोळ्या भरायचं मॅगझिन नवंकोरं मिळालेलं. आतली स्प्रिंग इतकी ताठ, की शेवटच्या दोन गोळ्या माझ्या अंगठ्याने बसेनात. सरावात नापास झालो, तर पिस्तूल जमा करून मला टपालाच्या टेबलावर बसवणार होते.

म्हणून आठवडाभर डमी गोळ्या भरत-काढत राहिलो. प्रत्येक गोळीला लिंबागणेशच्या गणपतीचं नाव.

सोबतची शिपाई सुनीता म्हणायची, "काका, लई जप झाला. आता मॅगझिनमधून देवच निघंल!"

आज सगळ्या गोळ्या बसल्या, एकही अडकली नाही. पास झालो. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी जपाला बसलो, तर सुजलेला अंगठा माळच ओढेना. गोळ्यांवर घेतलेलं नाव देवाने जपात धरलं असेल ना? तुम्हाला काय वाटतं?