वाळवलेलं मोहाचं बी

लग्न करून मी रत्नागिरीकडून थेट वर्ध्याला आले, तेव्हा ऐंशी साल उजाडायचं होतं. आंजी गावाच्या पुढे, जंगल खात्याच्या रोपवाटिकेत नवरा हंगामी चौकीदार. माझी शाळा पाचवीतच सुटलेली. खात्याचे साहेब दिसले की मी दाराआड व्हायचे.

रानातले मोह कमी होत चालले होते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून गोंड बाया झाडाखालचा पाला जाळत, त्यात कोवळी रोपंही जात. म्हणून साहेबांनी मोहाची रोपं करायला सांगितली. बायांनी टोपलंभर ताज्या बिया आणल्या, नवऱ्याने त्या माझ्या हवाली केल्या.

मी पडले सुगरण! धुतल्या, आठ दिवस कडक उन्हात वाळवल्या, मग पिशव्यांत लावल्या. माहेरी बियाणं वाळवूनच ठेवतात. दोन आठवडे गेले, एक कोंब नाही.

बायांतल्या म्हातारीला सगळे आत्या म्हणत. तिने एक बी उकरून दातांनी फोडलं.

"वाळवलं काय वो, सुनबाई? मोहाचं बी ताजंच मातीत गेलं पायजे. वाळलं का मेलं."

"आमच्याकडे सगळं बियाणं..."

"तुमच्याकडे समुद्र हाये म्हनते. तोबी वाळवून मडक्यात ठेवता काय?"

बाया हसून लोळल्या. मला कुठलं हसू? आठवड्यात साहेब रोपं बघायला येणार होते. नवऱ्याची नोकरी माझ्यापायी जाणार होती.

"रडून काऊन राह्यली?" आत्या म्हणाली. "नाल्यापलीकडचा मोह आळशी हाये. तुह्या नवऱ्यावानी उशिरा उठते."

त्याच्याखाली अजून फळं पडत होती. आम्ही ती वेचली, सोलली, संध्याकाळच्या आत लावली. कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हटलं, "आत्या, पुढच्या वर्षी या झाडाखाली पाला जाळू नका."

"पाहा वो! बी मारणारी आमाले शिकवते!" ती म्हणाली. पण मग हळूच, "बरं. याच्याखाली झाडूनच घेऊ."

साहेब आले तेव्हा पिशव्यांत नुसती माती.

"अजून कोंब कसे नाहीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या पुढे झाली. "मोहच उशिरा पिकला, साहेब. त्याले का हापिसची तारीख समजते?"

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत तसंच लिहिलं.

साहेब गेल्यावर चौथ्या दिवशी कोंब वर आले. नवरा कामावर राहिला. मी आत्याच्या पाया पडायला वाकले, तर ती मागे सरकली.

"पाया काऊन पडते? चहा मांड. अन् गूळ जास्त टाकजो."