जवळच्यांनी आधी उठायचं

बेलफोर्कच्या फेडरल तुरुंगात एक माजी गव्हर्नर आहे आणि टीव्हीवर प्रवचनं देणारा एक पाद्रीही. गावाला दोघांचं कौतुक. गव्हर्नर सध्या भांडी घासतो, ही बातमी हॉटेलात नाश्त्याबरोबर मिळते. त्याच तुरुंगातल्या डेरेल प्रुइटला कुणी ओळखत नाही; त्याच्या आईला, ओडेसाला ओळखतात. ती चौकातल्या लाँड्रीत काम करते.

"तुमचा पोरगा गव्हर्नरच्या शेजारी ना?" गिऱ्हाइकं विचारतात.

"गव्हर्नर माझ्या पोराच्या शेजारी," ती घडी न मोडता म्हणते. "माझा आधी आलाय."

मुलाजवळ राहावं म्हणून दूरच्या टोलेडोचं घर विकून ती इथे, केंटकीत आली. आधी तिथून महिन्यातून एकदा यायची, पण आली की भेटीची वेळ संपेपर्यंत बसायची. डेरेलला मोकळं व्हायला वेळ लागतो. सकाळभर तो बास्केटबॉलबद्दल बोलतो, दुपारी स्वतःबद्दल. ती दुपारसाठीच यायची. आता दर शनिवारी येते. पण भेटीचा हॉल भरला की जवळ राहणाऱ्यांना आधी उठवतात, आणि गव्हर्नर आल्यापासून त्याला भेटायला येणाऱ्यांनी हॉल दर शनिवारी भरतो.

मार्चमधल्या एका शनिवारी तिने हॉलमधल्या खाण्याच्या यंत्रात पैसे टाकून चिकन विंग्ज घेतले, गरम करून डेरेलपुढे ठेवले. यंत्राला हात लावायची कैद्यांना मुभा नाही. तो अर्धं खाऊन थांबला.

"आई, रात्री झोपच लागत नाही गं," तो म्हणाला. "डोळे मिटले की…"

"मिस ओडेसा," पहारेकरी हॉलिस टेबलाशी आला. "निघावं लागेल."

"आत्ता कुठे बोलायला लागलाय तो."

"दाराशी थांबलेली ती माणसं फ्लोरिडाहून आलीत. तुमचं घर इथून दिसतं."

"म्हणजे घर जवळ घेतलं हाच माझा गुन्हा. मग मलाही आतच ठेव की."

हॉलिस हसला, पण हलला नाही. डेरेल उठून उभा राहिला.

"आई, तू टोलेडोला परत जा. मावशीकडे राहा."

"हाकलतोस मला?"

"बसवतोय."

मेमध्ये ती टोलेडोला परत गेली. इथल्या घराच्या खिडकीतून तुरुंगाचे दिवे दिसायचे. त्यातला डेरेलचा कुठला, ते तिला कधी कळलं नाही, तरी ती सगळ्यांकडे बघून झोपायची. आता तेही नाही.

जूनमध्ये ती टोलेडोहून आली. प्रवासाने पाय सुजले होते. दुपारी हॉल भरला. हॉलिस त्यांच्या टेबलावरून पुढे गेला आणि पलीकडे वाकून काहीतरी बोलला. तिथली तरुण बाई मूल कडेवर घेऊन उठली. ती बेलफोर्कचीच होती.

ओडेसाने खुर्ची पुढे ओढून तिला वाट दिली. तिच्याकडे बघितलं नाही.

"हं," ती डेरेलला म्हणाली, "डोळे मिटले की काय होतं?"