एका कॅसेटसाठी सोलापूर

पुण्याहून सकाळी निघालेली गाडी दौंड सोडून पुढं गेली, की खिडकीबाहेरचा हिरवा रंग उतरत जातो. मग काळी रानं, ज्वारीची ताटं, मधूनच एखादी बाभळ आणि भलंमोठं आभाळ. हा रस्ता मला नेहमी आवडत आला होता. त्या खेपेला मात्र भिगवण मागं पडलं तरी मी पिशवीतलं पुस्तक बाहेर काढलं नव्हतं. सत्तरचं दशक संपायला आलं होतं, थंडीचे दिवस होते आणि माझ्या खिशात पद्माचं पोस्टकार्ड होतं.

पद्मा ही नारायणची बहीण, आणि नारायण माझा वसतिगृहातला खोलीसोबती. सोलापूरच्या पूर्व भागातलं त्यांचं तेलुगू विणकरांचं घर. वडील लवकर वारले, तेव्हापासून घरातले चार माग आईच सांभाळायची. शिष्यवृत्ती मिळवून नारायण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात कापडाचं तंत्र शिकायला गेला होता. दोन वर्षांनी, नुकताच दसऱ्याच्या सुमाराला तो परतला होता. पद्मानं लिहिलं होतं, "दादा कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी टेपवर तिकडची रडकी गाणी लावतो आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. अम्मा म्हणते, तुम्ही एकदा या."

पोस्टकार्ड आल्यावर निघायला मी पंधरा दिवस लावले, आणि त्याला कारण होतं. नारायण परदेशात असताना त्याचा धाकटा भाऊ श्रीनिवास, सगळ्यांचा शीनू, काविळीनं आठ दिवसांत गेला. एकोणीस वर्षांचा होता. नारायणची पहिल्या वर्षाची परीक्षा तेव्हा सव्वा महिन्यावर आली होती. ती होईपर्यंत त्याला कळवायचं नाही, असं अम्मानं ठरवलं आणि मलाही निरोप धाडला, की तुझी पत्रं जात असतात, त्यांत काही येऊ देऊ नको. मी येऊ दिलं नाही. त्या सव्वा महिन्यात मी नारायणला दोन पत्रं लिहिली. एकात क्रिकेट होतं, दुसऱ्यात एका मित्राच्या लग्नातली फजिती. दुसऱ्याच्या शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, मी लिहिलं होतं, 'तुझ्या घरी सगळे मजेत.'

कुर्डुवाडीला समोरच्या बाकावर मोहोळचे एक शेतकरी येऊन बसले. त्यांनी फडक्यातल्या भाजलेल्या शेंगा माझ्यापुढं केल्या.

"कुटं चाललाव?"

"सोलापूरला. मित्राकडं."

"लगीन-बिगीन हाय का?"

"नाही. नुसतं भेटायला."

"नुसतं भेटाया पुन्याहनं? मग लई जवळचा असंल की."

मी हो म्हणालो आणि शेंगा सोलत राहिलो.

सोलापूर आलं ते दुपारच्या उन्हात. थंडीच्या दिवसांतही तिथलं ऊन डोळ्यांवर येतं. टांगा शुक्रवार पेठेच्या गल्ल्यांतून निघून पूर्व भागात शिरला, तसा मागांचा आवाज सुरू झाला. त्या काळी तिथं एकही घर गप्प नसायचं. दारादारांतून खटक-खटक, अंगणांत दोऱ्यांवर वाळणारी लाल-निळी सुतं, ओल्या रंगाचा उग्र वास. टांग्याचा घोडासुद्धा त्या तालावर पाय टाकतो की काय, असं मला वाटे. आज त्या गल्ल्या आठवल्या की आधी कानात ते खटक-खटक येतं, आणि घरं मागाहून दिसू लागतात.

अम्मा दारातच उभी होती. ती खूप वाळली होती. "रा, बिड्डा (ये, लेकरा)," म्हणाली आणि माझी पिशवी घेतली. नारायण आतून आला. "आलास," म्हणाला. हसला नाही, रागावलाही नाही.

जेवायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पुंटीकूर (अंबाडीची आंबट भाजी) होती. पूर्वी शीनू पुण्याला यायचा तेव्हा हीच चटणी डबाभर आणायचा आणि वाटेतच निम्मी संपवायचा. मी ते बोलून दाखवणार होतो, पण पद्मानं डोळ्यांनीच मला थांबवलं. त्या घरात शीनूचं नाव निघत नव्हतं. भिंतीवर त्याचा फोटोही लावलेला नव्हता.

संध्याकाळी माग थांबले. नारायणनं खोलीत टेप लावला आणि पद्मानं लिहिलं होतं तसाच भिंतीकडं तोंड करून बसला. मी दाराशी बसलो.

सुरुवातीला नुसता ढोल होता, थंड, एकसारखा, कुणासाठीही न थांबणारा. मग जाड तारांच्या गिटारचा खालचा, खोल सूर. गाण्याची चाल तोच पुढं नेत होता. वर दुसरी गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. आणि या सगळ्यात एका तरुणाचा जाड, सपाट आवाज. आलेली तार स्वतःलाच वाचून दाखवावी, तसा तो गात होता. मला ते मुळीच आवडलं नाही. दुःखाचं गाणं म्हणजे त्यात आर्जव हवं, एखादी हळवी जागा हवी, असा माझा समज. हा गाणारा काही मागतच नव्हता. तरी बाजू संपली आणि कळ खटकन वर आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चहा निवून गेला होता आणि मी मांडीवर मूठ आवळून बसलो होतो.

अशा संगीताला 'पोस्ट-पंक' म्हणतात, हे कित्येक वर्षांनी मला भाच्यानं सांगितलं. तेव्हा आम्हाला कुणालाच ते नाव ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला गेलो. पाण्यावर धुकं होतं. काठाच्या दगडावर बसल्यावर मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. "नारायण, त्या पत्रांबद्दल..."

"दुसरं पत्र," तो म्हणाला. "लग्नातल्या फजितीचं. ते वाचून मी इतका हसलो, की घरमालकीण वर येऊन बघून गेली. नंतर हिशेब केला. त्या दिवशी शीनूला जाऊन महिना झाला होता. वसंत, त्या हसण्याचं मी काय करू?"

"चुकलो," एवढंच म्हणालो. फार लहान शब्द होता तो.

मग तो आपणहून बोलू लागला. परीक्षा संपली त्या आठवड्यात घरचं पत्र आलं. घरमालकिणीनं चहा दिला, वर्गातल्या मुलांनी पाठ थोपटली. सगळे म्हणाले, हळूहळू बरं वाटेल. त्याला खोलीत बसवेना. तो चालत सुटला. त्या गावातल्या निम्म्या गिरण्या बंद पडलेल्या, विटांच्या काळ्या भिंती, बारीक पाऊस. एका बंद गिरणीतून आवाज येत होता. आत चार मुलं वाजवत होती. बेकार झालेल्या गिरणी कामगारांची मुलं.

"मी दारात उभा राहिलो. एकानं उपड्या खोक्याकडं बोट केलं, बस म्हणून. काय झालं, कोण तू, काही विचारलं नाही. वाजवत राहिले. वसंत, बरं होईल असं मला न सांगणारे तेवढेच होते. तिथं बसून मी पहिल्यांदा रडलो. मग दर शनिवारी जायचो. निघताना त्यांनी ही कॅसेट भरून दिली."

"आणि इथं?"

"इथं सगळ्यांचं रडून झालंय. मी आलो तेव्हा घर पुसून कोरडं केलेलं. मी कुठं रडू?"

घरी आल्यावर जेवून तो सुताच्या व्यापाऱ्याकडं गेला. अम्मा माझ्याजवळ येऊन बसली.

"वसंता, जाताना ती रडकी वस्तू घिऊन जा की. हितं नको. लेकरू त्यानं खंगायलंय."

आदल्या दिवशी मी कदाचित हो म्हटलं असतं. आता जीभ रेटेना. पण तिच्या डोळ्यांत बघून नाहीही म्हणवेना. मी नुसता उठून खोलीत गेलो. कॅसेट यंत्रातच होती. बाहेर काढण्याआधी एकदा ऐकावी, म्हणून कळ दाबली. गाणं सुरू झालं, तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. आवाज घोगरा होऊन लांबला. मी घाबरून दिसेल ती कळ दाबली. झाकण उघडलं तर तपकिरी फीत यंत्राच्या पोटात गच्च गुंडाळली गेली होती. ओढली तशी ती आणखीच बाहेर आली.

नारायण परतला तेव्हा मी ते भेंडोळं ओंजळीत धरून उभा होतो. मी त्याला सगळं सांगितलं. कॅसेट न्यायला अम्मानं सांगितलं होतं हेही, कारण त्याच्यापासून आणखी एक गोष्ट लपवायची माझी ताकद नव्हती. त्यानं अम्माकडं पाहिलं. भेंडोळं कागदात घेतलं आणि निघाला. मी मागोमाग गेलो.

कोपऱ्यावर रसूलभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी चष्मा वर करून फीत पाहिली. "कटी नै, खाली उलझी है. पन इत्ता बारीक काम मेरे हात का नै, नारायणबाबू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मैं सुना हूँ ये. अंग्रेजाँ का मातम है ये, हौर क्या." त्यांनी कॅसेटचे स्क्रू काढून दिले, वर स्क्रूड्रायव्हरही दिला.

आम्ही घरी येऊन उंबऱ्याजवळच्या उजेडात बसलो. नारायणनं गुंत्यात बोटं घातली. दोनदा फीत ताणली गेली. अम्मा आतून बघत होती. दुसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

"सोड. तुटंल. आण हिकडं."

तिनं मांडीवर पांढरं फडकं पसरलं. चाळीस वर्षं सुताच्या कांड्या भरलेली बोटं. ओढणं नाही, हिसका नाही. एक पदर उचलायचा, त्याच्याखालून दुसरा मोकळा करायचा. मोकळी झालेली फीत ती रिकाम्या कांडीवर घेत होती आणि दुसरं टोक तिनं नारायणच्या हातात दिलं होतं.

"ढिलं सोड."

"हं."

"थांब. आता घे."

पद्मा माझ्या कानात म्हणाली, "दोन महिन्यांत एवढं बोलले नव्हते दोघं."

ऊन भिंतीवर चढून गेलं तेव्हा गुंता सुटला. एके ठिकाणी फीत चुरगळली होती. तेवढा तुकडा नारायणनं ब्लेडनं कापला आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली. कॅसेट बंद करून यंत्रात घातली. अम्मा उठून जाईल असं मला वाटलं होतं. ती फडकं झटकून तिथंच बसली.

ढोल सुरू झाला. मग तो खालचा सूर, मग तो आवाज. अम्मा मान तिरपी करून ऐकत होती.

"एडुस्तुन्नाडा? (रडतोय का हा?)" तिनं विचारलं.

"रडत नाही, अम्मा. सांगतोय."

"काय?"

नारायण थांबून थांबून म्हणाला, "म्हणतोय, मी स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. फलाटावर माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मला वेळ कुणी सांगितलीच नव्हती."

गाणं चालूच होतं. मग टेपकडं बघतच अम्मा म्हणाली, "शीनू शेवटच्या दिवशी विचारत होता, दादा कुठवर आला?"

पद्मानं तोंडाला पदर लावला.

"मी म्हटलं, निघालाय. मुंबईत उतरलाय. सांजच्या गाडीनं येतोय. दाराकडं बघत ऱ्हायला." तिचा आवाज त्या गाणाऱ्यासारखाच सपाट होता. "त्याला म्हटलं, दादा निघालाय. तुला कळवलं, समदे मजेत हायत. दोन्ही लेकरांना मीच फसवलं."

नारायणचा हात टेप बंद करायला पुढं गेला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"असू दे. वाजू दे."

तो तिच्या गुडघ्याशी वाकला आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अम्माचा हात त्याच्या पाठीवर फिरत राहिला. मी आणि पद्मा बाहेर अंगणात आलो. शेजारचे माग अजून चालू होते. आतून ढोल आणि बाहेरून माग, दोन्ही एकमेकांत मिसळत होते. बाजू संपली. थोड्या वेळानं आतून पुन्हा कळ दाबल्याचा आवाज आला.

मी आणखी एक दिवस राहिलो. शीनूचा फोटो चौकट करायला टाकून आलो. नारायणनं मला माफ केलं की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्टेशनवर तो सोडायला आला तेव्हा नव्या मागांबद्दलच बोलत होता. गाडी हलली तसा थोडं अंतर खिडकीबरोबर चालला.

परतताना मोहोळ, माढा, कुर्डुवाडी उलट्या क्रमानं मागं पडत गेली. डोक्यात ती चाल होती. गुणगुणून पाहिली तर ओठांवर काहीच येईना. ती गुणगुणण्याजोगी नव्हतीच. दूरच्या एका देशातल्या चार बेकार पोरांनी पावसात वाजवलेलं ते गाणं. ते सोलापूरच्या उन्हात, इंग्रजीचं अक्षर न समजणाऱ्या एका बाईपर्यंत कसं पोचलं, याचा विचार मी तेव्हा केला आणि पुढंही अनेकदा केला. मला वाटतं, आपण सांत्वन करतो ते पुष्कळदा समोरच्यानं गप्प बसावं म्हणून. त्या गाण्याला गप्प बसवायची घाई नव्हती. तेवढ्यानंच माणसाला तोंड उघडता येतं.

पुण्यात घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. माझी बायको सरिता स्वयंपाकघरात होती. नारायणच्या घरच्यांना ती कधी भेटलेली नव्हती. "कसा आहे तुमचा मित्र?" तिनं विचारलं. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "त्याला एक भाऊ होता." दीड वर्षात मी तिला हे सांगितलं नव्हतं. तिनं हातातली कणीक तशीच परातीत ठेवली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कसा होता तो?" ती म्हणाली.

आणि मी सांगायला लागलो.