सुईची परीक्षा आणि तिवश्याचं तिकीट

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे मी सासरी पोचायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. डोळे अधू आहेत, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. पाहुणे मला पाहायला आले तेव्हा आईनं माझा चष्मा तांदळाच्या डब्यात खुपसला. मुलीची नजर जोखायला तेव्हा सुईत दोरा ओवायला लावत. मी एका झटक्यात ओवला. सासूबाई खूश! त्या भल्या बाईला कोण सांगणार, की या पोरीला दूरचा बैल दिसत नाही, जवळची मुंगी मिशांसकट दिसते! आणि ही पोरगीही अशी दीडशहाणी, की लग्नानंतर दोन महिने तशीच मिरवली. शेवटी राजापेठेच्या बाजारात नवरा समजून भलत्याच पांढऱ्या शर्टामागं चालत गेली, तेव्हा कुठं चष्मा माहेराहून आला.

एवढ्यानं माणूस सुधारतं. मी नाही.

अकोल्याला माझी धाकटी बहीण असते. तिचे गुडघे गेलेत, म्हणून दर गुरुवारी मीच एसटीनं जाते, एकटी. तोच एक दिवस माझा. बाकीचे सहा दिवस मी घरात नुसती खिडकी ते दार, दार ते खिडकी.

यंदा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेले, तेव्हा मनात एकच धाकधूक होती. नंबर वाढला, की सून एकटीला जाऊ देणार नाही. म्हणून आधीचं गिऱ्हाईक तक्त्याची खालची ओळ वाचत होतं ती ऐकून पाठ केली, आणि माझी पाळी आल्यावर घडाघडा म्हणून टाकली. वर काचेत म्हातारपणाची रेघ नको, म्हणून बिनरेघेची काच घेतली. वरून दूरचं, मधून हातभरावरचं, खालून जवळचं.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हिच्यात डोळे नाही, मान फिरवा लागते."

माझी मान कधी कोणाचं ऐकते! पायऱ्या उतरताना जिना पाण्यासारखा हलायचा, तरी मी "झकास आहे" म्हणत राहिले.

मग तो गुरुवार. स्टँडवर पाटी धूसर दिसली. विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजानंच गाडीत चढले. गाडी सुटल्यावर अकोल्याचं तिकीट मागितलं, तर कंडक्टर म्हणाला, "आजी, अकोला कुठचं? हे गाडी नागपूरले चालली."

"मले मालूम हाय," मी म्हटलं. "तिवश्याचं तिकीट दे."

तिवसा म्हणजे नागपूरच्या वाटेवरचं जवळचं गाव; तिवश्याला माझं कोणी नाही. तासभर स्टँडवर येरझाऱ्या घालून परत आले, तर सून दारातच. बहिणीनं फोन केला होता.

"आई, कुठं गेल्ता? आता गुरुवार बंद!"

पुढचा आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. आठव्या दिवशी सुनेलाच घेऊन दुकानात गेले आणि पाठांतराचं सगळं कबूल केलं. दुकानदार हसून हसून बेजार.

"मावशी, पाठ करून डोळे सुधरतेत का? आता खरं सांगा. दिवसभर काय काय करता?"

सांगितलं. एसटीची पाटी. शिलाई मशीन. मोबाइल. बहिणीच्या सुया ओवणं, तिला आता ओववत नाहीत.

त्यानं नव्यानं तपासलं. नंबर चांगलाच वाढला होता. "रस्त्यासाठी एक, नुसता दूरचा. मशीनसाठी दुसरा, हातभर अंतराचा."

"अन् सुईले?"

"सुईले चष्मा काढा. जवळचं तुमाले उघड्या डोळ्यानं दिसते."

म्हणजे सासूबाईंना जिनं फसवलं, ती एक विद्या अजून शाबूत होती.

नवे चष्मे आल्यावरच्या गुरुवारी सून माझ्याबरोबर स्टँडवर आली. मला गाड्यांपासून लांब उभी करून म्हणाली, "पाटी वाचा." मी वाचलं, "अकोला." तिचा विश्वास बसेना.

"हे पाठ असंन तुमचं. ते तिकडच्या गाडीची वाचा."

"यवतमाळ. अन् खाली ड्रायव्हर तंबाखू मळून राहिला, तेही सांगू का?"

तेव्हा कुठं तिनं हातातली माझी पिशवी मला दिली.

गाडी हलली. खिडकीतून वळून पाहिलं, तर दूर फलाटावरची सून लख्ख दिसली. मला वाटलं, हात हलवते आहे. नाही. गाडीचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेत होती.